उशीर थांबवायचा की विकायचा?

पुण्याच्या पश्चिम उपनगरात घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे एक ते सहा वर्षांची अठरा मुले असतात. बहुतेक मुलांचे आईवडील दोघेही नोकरी करतात आणि त्यांतले पुष्कळजण हिंजवडीकडून संध्याकाळच्या वाहतुकीतून वाट काढत येतात. पाळणाघर सात वाजता बंद होते, परंतु सव्वासात, साडेसात, क्वचित आठपर्यंतही दोन-चार मुले थांबलेली असतात. मदतीला असणाऱ्या मावशींची बस त्यामुळे चुकते आणि या बाईंचा स्वतःचा स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, सगळेच पुढे ढकलले जाते. तोंडी सांगून झाले. ‘बहुतेक पालक वेळ पाळत नाहीत, हे खेदाने नमूद करावे लागते’ असा संदेश पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकून झाला, पण त्याचा परिणाम काही दिवसांपलीकडे टिकला नाही. यजमान म्हणतात की पंधरा मिनिटांच्या उशिराला १०० रुपये दंड लावावा, खिशाला चाट बसली की माणसे वळणावर येतात. नणंदेचे मत असे की दंडापेक्षा वेळेवर येणाऱ्यांना फीमध्ये सूट द्यावी. बाईंचा प्रश्न आहे: ‘दंड लावू का, आणि लावला तर पालक दुखावतील का?’

ताई, नमस्कार.

तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो. पालक फारसे दुखावणार नाहीत, असा माझा अंदाज आहे. उलट त्यांतल्या अनेकांना हायसे वाटेल, आणि तुमची खरी अडचण तिथूनच सुरू होईल. आज साडेसातला धापा टाकत आलेली आई दारातच ‘काकू, माफ करा हो’ म्हणते, कारण आपण कोणाचा तरी वेळ फुकट घेतला आहे हे तिला टोचत असते. उद्या तिने १०० रुपये दिले की ते टोचणे संपले. शेजारणीकडून वाटीत विरजण आणताना आपण तिच्या हातावर पैसे ठेवत नाही. ते ठेवू लागलो तर पुढच्या वेळी मागताना संकोच उरणार नाही आणि विरजण कमी दिले म्हणून कुरकुरही करता येईल.

हा केवळ माझा तर्क नाही. इस्रायलमधील हैफा शहरात उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी १० खासगी पाळणाघरांमध्ये २० आठवडे हाच प्रश्न तपासला आणि त्याविषयीचा त्यांचा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. ती पाळणाघरे दुपारी ४ वाजता बंद होत आणि उशिरा येणाऱ्या पालकांसाठी एखादी शिक्षिका थांबून राही. पहिले ४ आठवडे फक्त नोंद ठेवली गेली. पाचव्या आठवड्यापासून ६ पाळणाघरांत दंड सुरू झाला. १० मिनिटांहून अधिक उशीर झाल्यास दर मुलामागे १० शेकेल (इस्रायलचे चलन), तेही महिन्याच्या फीसोबत भरायचे. उरलेल्या ४ ठिकाणी तुलनेसाठी काहीच बदलले नाही. दंडाच्या ठिकाणी उशीर कमी होईल असे कोणालाही वाटले असते, पण तिथे उशिरा येणाऱ्या पालकांची संख्या आठवड्यागणिक वाढत गेली आणि पूर्वीच्या जवळपास दुप्पट होऊन स्थिरावली. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला, तरी ती खाली उतरली नाही.

या प्रयोगातला शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. दंड चालला नाही तर मागे घेऊ, असे आपण गृहीत धरतो. हैफामध्ये दंड मागे घेतल्यावर पालकांची जुनी भीड परत आली नाही. त्यांच्या लेखी उशीर ही एक विकत मिळणारी सोय झाली होती आणि आता ती फुकट मिळू लागली होती. तुमच्या घरात आज जी भीड आहे, ती अपुरी असली तरी ती तुमची पुंजी आहे, आणि एकदा खर्च झाल्यावर ती सहजी पुन्हा साठत नाही.

त्या अभ्यासकांनी आणखी एक शक्यता मांडली आहे, जी तुमच्या यजमानांना आवर्जून सांगावी. दंड लागू होण्यापूर्वी फार उशीर केला तर काय होईल, हे पालकांना नक्की ठाऊक नव्हते. मुलाला काढून टाकतील का, बाई चिडून मुलाकडे दुर्लक्ष करतील का, अशी धाकधूक असायची. दंड जाहीर झाला आणि धाकधूक संपली, कारण जास्तीत जास्त काय होऊ शकते ते कळले, आणि ते फारसे नव्हते. महिन्याची फी सुमारे १४०० शेकेल आणि दंड १० शेकेल. त्या काळी तिथे मूल सांभाळायला घरी येणारी व्यक्ती तासाला १५ ते २० शेकेल घेत असे. म्हणजे दंडाच्या निमित्ताने पाळणाघरांनी स्वतःच्याच वेळेचा स्वस्त दर जाहीर केला होता. तुमचे १०० रुपये त्याच वाटेने जाणारे आहेत. संध्याकाळी सातला पुण्यात १०० रुपयांत पंधरा मिनिटे इतक्या विश्वासाने मूल सांभाळणारे दुसरे कोण मिळेल?

यावरून दंड कुठेच उपयोगी पडत नाही, असे मात्र कृपा करून समजू नका. एका प्रयोगावरून सबंध मनुष्यस्वभावाचा निकाल लावणारी मंडळी समाजमाध्यमांवर पुष्कळ आहेत. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीवर अवघ्या १५ सेंटचा कर लावला आणि त्या पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. रक्कम किरकोळ होती, तरी परिणाम मोठा झाला. माझ्या मते फरक आहे तो पैसे मागण्याच्या क्षणात आणि हाताशी असलेल्या पर्यायात. पिशवीचे पैसे दुकानदार समोरासमोर, घेण्यापूर्वीच मागतो आणि घरची पिशवी आणण्याचा पर्याय जवळजवळ फुकट असतो. तुमच्याकडे येणारा बाप सहा पन्नासला वाहतुकीत अडकलेला असतो तेव्हा त्याच्या हातात काहीच उरलेले नसते. त्याचा निर्णय पावणेसहाला, कार्यालयातून उठायचे की आणखी एक ईमेल संपवायचा, या वेळी झालेला असतो, आणि महिनाअखेरीस फीच्या पावतीत मिळवलेले १०० रुपये त्या पावणेसहाच्या क्षणापर्यंत पोहोचत नाहीत.

यजमानांच्या युक्तिवादात एक गृहीतक आहे, तुमच्या पत्रातही ते डोकावते: उशिरा येणाऱ्या पालकांना तुमच्या वेळेची किंमत नाही. एक-दोन जणांच्या बाबतीत ते खरे असेलही. बाकीच्यांविषयी मला शंका आहे. आपल्याला किती वेळ लागेल याचा अंदाज माणसे सातत्याने कमी बांधतात आणि अनुभवाने फारशी शहाणी होत नाहीत. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनडियन अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना विचारले होते की तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल. सरासरी उत्तर होते सुमारे ३४ दिवस. सगळेच बिनसले तर किती लागतील, या प्रश्नाचे उत्तर सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ हून अधिक. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला हिशेबही तोकडाच पडला. ‘आज नक्की पावणेसातला पोहोचते’ असे सांगणारी आई खोटे बोलत नसते. रस्ता मोकळा मिळालेली ती एकुलती एक संध्याकाळ तिच्या डोळ्यांपुढे असते.

दुसरे गृहीतक तुमचे स्वतःचे आहे आणि ते जरा नाजूक आहे. पालकांना आपली अडचण माहीत आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. तुम्ही दार उघडताना काय म्हणता? बहुधा ‘असू द्या हो, होतं असं कधी कधी.’ आपल्याकडे दारात आलेल्या माणसाशी असेच बोलायची पद्धत आहे आणि ती चांगलीही आहे, पण ऐकणारा ते शब्दशः घेतो. मावशींची बस सात दहाला सुटते आणि त्यानंतरच्या बसने त्या घरी पोहोचतात तेव्हा त्यांच्या घरचे जेवून बसलेले असतात, हे अठरा घरांपैकी किती जणांना ठाऊक आहे? सात वाजून गेल्यावर उरलेले मूल खेळ सोडून खिडकीच्या गजांना धरून उभे राहते, हे तुम्ही रोज पाहता. त्याच्या आईने ते कधीच पाहिलेले नाही, कारण ती येते तेव्हा ते धावत तिच्याकडे गेलेले असते.

व्हॉट्सॲपवरच्या संदेशाबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. त्याने तुमचे नुकसान केले असण्याची शक्यता आहे. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे, जिथे कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेल्या लाकडाचे तुकडे विखुरलेले असतात आणि पर्यटक ते खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवून तिथल्या पाट्यांची परीक्षा घेतली. ‘पूर्वी येऊन गेलेल्या अनेकांनी लाकूड उचलून नेल्यामुळे उद्यानाचे रूप बदलले आहे’ अशा आशयाची पाटी असताना सुमारे ८ टक्के तुकडे नाहीसे झाले. कृपया लाकूड नेऊ नका, एवढीच साधी विनंती असताना २ टक्क्यांहूनही कमी. पहिली पाटी लिहिणाऱ्याला हळहळ व्यक्त करायची होती, पण वाचणाऱ्याला कळले ते असे की इथे सगळेच नेतात. तुमच्या ‘बहुतेक पालक वेळ पाळत नाहीत’ या वाक्याने सातला बरोबर येणाऱ्या घरांना काय कळवले असेल, याचा विचार करा. शिवाय ते वाक्य खरे तरी आहे का? अठरांपैकी दोन-चार मुले मागे राहतात असे तुम्हीच लिहिता. म्हणजे बहुतेक पालक वेळेवर येतात, आणि हे आजवर त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

नणंदेच्या सुचवणीत सद्भाव आहे, परंतु बक्षिसालाही तोच धोका आहे. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फेनशीसेन या गावाजवळ अणुकचरा साठवण्याचा विचार चालू असताना, १९९३ साली ब्रुनो फ्राय आणि फेलिक्स ओबरहोल्झर-गी यांनी गावकऱ्यांना विचारले. काही मोबदला न देता हा कचरा इथे साठवायला तुमची संमती आहे का, याला ५०.८ टक्के लोक हो म्हणाले. दरवर्षी भरपाई मिळेल असे सांगितल्यावर संमती २४.६ टक्क्यांवर घसरली. कुठे तरी ठेवावाच लागेल, मग आपण आपला वाटा उचलू, असा विचार करणारी माणसे पैशाचा विषय निघताच सौदा परवडतो का ते पाहू लागली. तुमच्या चौदा-पंधरा कुटुंबांना वेळेवर येणे हा साधा शिष्टाचार वाटतो. त्याची सूट द्यायला लागलात तर तो शिष्टाचार एका रकमेएवढा होईल, आणि एखाद्या महिन्यात ती रक्कम नको असेल तर सोडूनही देता येईल.

मग करायचे काय? माझ्या मते आधी दोन आठवडे काही न बोलता एका वहीत प्रत्येक मुलाच्या जाण्याची वेळ लिहा. ही वही भांडणासाठी नाही. मला खात्री वाटते की उशीर सगळ्यांमध्ये विखुरलेला नसेल. ठरावीक तीन-चार घरे आणि त्यांचे ठरावीक वार निघतील, आणि अधूनमधून कोणी तरी पावसामुळे किंवा अपघाताच्या कोंडीमुळे अडकलेले असेल. या दोन प्रकारांना एकच नियम लावण्याचा मोह टाळा.

नेहमी उशीर होणाऱ्या घरांशी गटावर बोलू नका. दोघांपैकी ज्याची न्यायची पाळी असते त्याला सकाळी मूल सोडताना दहा मिनिटे बसवून घ्या, कारण संध्याकाळी सगळेच थकलेले असतात आणि मूल पायाशी घुटमळत असते. ‘लवकर या’ असे सांगू नका, ते तुम्ही आधीच सांगितले आहे. वहीतल्या वेळा दाखवा आणि विचारा की या वारी सातला पोहोचणे खरोखर शक्य आहे का. शक्य असेल तर कार्यालयातून किती वाजता उठावे लागेल ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, कारण ‘प्रयत्न करते’ यापेक्षा ‘मंगळवारी आणि गुरुवारी पाच पन्नासला निघते’ हे वाक्य पाळले जाण्याची शक्यता जास्त असते. पोहोचता आले नाही तर मुलाला कोण नेईल, त्या आजीचे, शेजाऱ्याचे किंवा दुसऱ्या पालकाचे नाव आणि नंबर लेखी घेऊन ठेवा. अनोळखी माणसाच्या हाती मूल द्यायचे नसल्याने ही नोंद तुम्हाला एरवीही हवीच आहे. आणि मावशींच्या बसची वेळ सांगा. रागाने सांगू नका, नुसती माहिती म्हणून सांगा.

एखादे जोडपे प्रामाणिकपणे म्हणेल की आमच्या कामाच्या वेळा पाहता साडेसातच्या आत येणे होणारच नाही. अशांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना सातपर्यंतचे पाळणाघर पुरत नाही, एवढेच. त्यांच्यासाठी पावणेआठपर्यंतची सोय उघडपणे विकायला काढा. तिला दंड म्हणू नका. महिन्याच्या सुरुवातीलाच नाव नोंदवायचे, मूल रोज थांबो न थांबो, पूर्ण महिन्याचे शुल्क भरायचे, आणि मुलांची संख्या तुम्हाला झेपेल तेवढीच ठेवायची. शुल्क ठरवताना भीड बाळगू नका. मावशींचा जादा वेळ, त्यांचा रिक्षाने घरी जाण्याचा खर्च, मुलांचे संध्याकाळचे खाणे आणि तुमची स्वतःची पाऊण तासाची मजुरी, हे सगळे त्यात निघाले पाहिजे. आपल्या समाजात बाईच्या घरातल्या वेळेला शून्य किंमत धरून हिशेब मांडण्याची खोड आहे, आणि तुमच्या यजमानांचे १०० रुपये त्याच खोडीतून आले असावेत असे मला वाटते. त्यांचा हेतू चांगला आहे, म्हणून त्यांनाच हा हिशेब कागदावर मांडायला बसवा.

या रचनेत अवचित अडकलेल्या पालकाकडून काहीही घ्यायचे नाही. त्याने फोन करावा, तुम्ही थांबावे, त्याने ओशाळून आभार मानावेत. ही भीड शाबूत राहावी म्हणूनच विकत मिळणारी सोय वेगळी काढायची. कोणी या सवलतीचा गैरफायदा घेऊ लागले तर पायऱ्या चढत जा. आधी बोलणे, मग लेखी सूचना, मग पुढच्या महिन्यापासून विस्तारित वेळेत नाव घालण्याची अट, आणि अगदी शेवटी जागा रिकामी करण्याची विनंती. सामाईक पाणी, कुरणे, जंगले पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या गावांचा अभ्यास करून २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनाही आढळले होते की टिकून राहिलेल्या व्यवस्थांमध्ये पहिल्या चुकीची शिक्षा बहुधा हलकी असते आणि चूक पुन्हा पुन्हा झाली तरच ती वाढत जाते. तिथले नियम ठरवण्यात ते पाळणाऱ्यांचाही हात असतो. म्हणून शुल्काचा आकडा तुम्ही ठरवा, पण नावनोंदणी कशी करायची हे पालकांच्या बैठकीत ठरू द्या.

गटावर पुन्हा लिहायचेच असेल तर वहीतला आकडा लिहा: या आठवड्यात अठरांपैकी पंधरा मुले सातच्या आत घरी गेली, त्यामुळे मावशींना त्यांची बस मिळाली, आभार. नाव कोणाचेही नको. आकडा खरा असेल तेव्हाच लिहा. नसेल त्या आठवड्यात गप्प राहा.

शिकवणीवर्ग चालवणारे, अभ्यासिकेचे व्यवस्थापक, गृहनिर्माण संस्थांचे सचिव अशा इतरांपुढेही हाच पेच असतो. त्यांना एवढेच सुचवतो की दंडाचा ठराव मांडण्यापूर्वी समोरचा माणूस आज नियम कशामुळे पाळतो, हे शोधावे. पाहुण्यांच्या जागेत रोज गाडी लावणारा रहिवासी महिन्याला ठरावीक दंड मुकाट्याने भरत असेल, तर संस्थेने त्याला ती जागा बाजारभावापेक्षा कमी भाड्याने दिली आहे, आणि वर्षभर लाजेखातर बाहेर गाडी लावणारे शेजारी ते पाहत आहेत. रक्कम वाढवल्याने तिथे फरक पडेलही, पण ती इतकी वाढवावी लागेल की तिच्यावरून तंटे होतील. त्यापेक्षा जागा मोजून, दर ठरवून, चिठ्ठ्या टाकून रीतसर भाड्याने द्याव्यात आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या जागेला पैशाचा स्पर्श होऊ देऊ नये.

ताई, तुमच्या पत्रात मावशींचे मत काय आहे ते कुठेच आलेले नाही. विस्तारित वेळेत थांबायचे आहे ते त्यांना. वही सुरू करण्याच्याही आधी त्यांच्याशी बोला. जादा पैसे आणि रिक्षाभाडे मिळाले तर आठवड्यातले किती दिवस थांबणे जमेल ते विचारा, आणि त्या तीनच दिवस म्हणाल्या तर सोय तीनच दिवसांची ठेवा. त्यांनी नको म्हटले आणि दुसरी भरवशाची बाई मिळाली नाही, तर पावणेआठची सोय सुरूच करू नका. ज्या एक-दोन घरांना सातची वेळ जमतच नाही, त्यांना दुसरे पाळणाघर शोधायला दोन महिन्यांची मुदत द्या.